महाविद्यालयीन बास्केटबॉलचे चित्रण आणि मुक्त व्यावसायिक कॅमेरामन : अमेरिकेतील व्यवस्थेचे एक विवेचन

प्रस्तावना

दूरचित्रवाणीवर बास्केटबॉलचा सामना पाहणाऱ्या प्रेक्षकास चेंडू कधी शोधावा लागत नाही. चेंडू जिकडे जातो तिकडे चित्र जाते; खेळाडूने बास्केट केली की क्षणार्धात त्याचा चेहरा दिसतो, पाठोपाठ प्रशिक्षकाची मुद्रा आणि मग तोच क्षण संथ गतीने पुन्हा. हे सर्व इतक्या सहजतेने घडते की त्यामागे कोणाचे तरी श्रम आहेत, याची जाणीवच प्रेक्षकास राहत नाही. किंबहुना ती जाणीव न होणे हीच त्या श्रमांची कसोटी मानली जाते.

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या प्रक्षेपणात हे श्रम करणारे बहुसंख्य कॅमेरामन कोणत्याही वाहिनीच्या कायम सेवेत नसतात. ते मुक्त व्यावसायिक असतात. सामन्यापुरते बोलावले जातात, दिवसाचा मोबदला घेतात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी, दुसऱ्या वाहिनीसाठी उभे राहतात. (‘कॅमेरामन’ हा रूढ शब्द येथे स्त्री-पुरुष दोहोंसाठी योजला आहे.) हे काम प्रत्यक्षात कसे चालते, त्यासाठी कोणते कौशल्य लागते, त्याचा मोबदला कोणत्या पद्धतीने ठरतो आणि या व्यवस्थेतील जोखीम नेमकी कोणाच्या माथी येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. जनसंज्ञापन, वाणिज्य, अर्थशास्त्र आणि शारीरिक शिक्षण या चारही विद्याशाखांच्या अध्यापकांना हा विषय आपापल्या अंगाने उपयुक्त ठरावा.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत निर्माण केला. म्हणजे या खेळाचा जन्मच शिक्षणसंस्थेत झाला. पुढे अर्धशतकाच्या आत, २८ फेब्रुवारी १९४० रोजी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील पिट्सबर्ग आणि फोर्डहॅम या विद्यापीठांचा सामना डब्ल्यू-टू-एक्सबीएस या प्रायोगिक केंद्रावरून दाखवण्यात आला. महाविद्यालयीन बास्केटबॉलचे ते पहिले दूरचित्रवाणी प्रक्षेपण होय.

त्यानंतरचे दोन टप्पे महत्त्वाचे मानले जातात. २० जानेवारी १९६८ रोजी ह्यूस्टन येथील ॲस्ट्रोडोममध्ये ह्यूस्टन विद्यापीठाने यूसीएलएचा ७१–६९ असा पराभव केला. बावन्न हजारांहून अधिक प्रेक्षकांनी पाहिलेला हा सामना रात्रीच्या मुख्य वेळेत देशभर दाखवला गेला आणि साखळी सामन्यांनाही देशव्यापी प्रेक्षक मिळू शकतो हे सिद्ध झाले. दुसरा टप्पा मार्च १९७९ मधील अंतिम सामन्याचा. मॅजिक जॉन्सन यांचा मिशिगन स्टेट संघ आणि लॅरी बर्ड यांचा इंडियाना स्टेट संघ यांच्यातील त्या लढतीस २४.१ इतके रेटिंग मिळाले. त्याच वर्षी ७ सप्टेंबर रोजी ईएसपीएन ही चोवीस तास खेळ दाखवणारी वाहिनी सुरू झाली. तिला दिवसाचे तास भरून काढावयाचे होते आणि महाविद्यालयांकडे सामन्यांचा मोठा साठा होता. या दोन गरजांची गाठ पडल्यामुळे पुढील चार दशकांत प्रक्षेपित सामन्यांची संख्या सतत वाढत गेली. २००७ मध्ये बिग टेन, २०१४ मध्ये एसईसी आणि २०१९ मध्ये एसीसी या विद्यापीठगटांच्या स्वतंत्र वाहिन्या निघाल्या. २०१८ मध्ये ईएसपीएन प्लस ही इंटरनेटवरील सेवा सुरू झाल्यावर, पूर्वी ज्यांचे चित्रणही झाले नसते असे छोट्या महाविद्यालयांचे सामने प्रेक्षकांपर्यंत पोहोचू लागले.

या विस्ताराचे मान ध्यानात येण्यासाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे. एनसीएए या संघटनेच्या पहिल्या श्रेणीत पुरुषांचे साडेतीनशेहून अधिक संघ आहेत व महिलांचेही जवळपास तितकेच. प्रत्येक संघ मोसमात साधारण तीस सामने खेळतो. एका सामन्यात दोन संघ असल्याने पुरुषांचे सुमारे पाच हजार व महिलांचे तितकेच सामने होतात. नोव्हेंबरच्या आरंभापासून मार्चपर्यंतच्या अवघ्या पाच महिन्यांत, शेकडो गावांत विखुरलेल्या या सामन्यांसाठी कॅमेरे आणि ते हाताळणारी माणसे लागतात.

मुक्त व्यावसायिकच का?

वरील हिशेबातच या प्रश्नाचे उत्तर आहे. मागणी मोसमी आहे, विखुरलेली आहे आणि ती आठवड्याच्या ठरावीक दिवशी एकदम उसळते. शनिवारी दुपारी डझनावारी गावांत एकाच वेळी सामने चालू असतात आणि सोमवारी सकाळी कोठेच नसतात. एवढ्या माणसांना वर्षभर वेतनावर ठेवणे कोणत्याही वाहिनीस परवडणारे नाही. म्हणून वाहिनी स्वतःकडे निर्माता, दिग्दर्शक अशी मोजकी माणसे ठेवते. ओबी व्हॅन भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून व्हॅन व तंत्रज्ञ घेते. आणि उर्वरित मनुष्यबळ स्थानिक पातळीवर माणसे जुळवून देणाऱ्या समन्वयकामार्फत मिळवते. परिणामी एकाच सामन्याच्या चित्रणासाठी शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन कॅमेरामनचा पगार दोन निराळ्या कंपन्यांकडून येत असणे सर्वथा शक्य असते.

कॅमेरामनच्या बाजूने पाहिले तर त्याचे वर्ष हे एखाद्या शेतमजुराच्या वर्षासारखे हंगामांत विभागलेले असते. सप्टेंबरपासून फुटबॉल, नोव्हेंबरपासून बास्केटबॉल, वसंतात बेसबॉल आणि मग उन्हाळ्यातील मंदी. मोठ्या शहराजवळ राहणाऱ्यास व्यावसायिक संघांचे सामनेही मिळतात. विद्यापीठाच्या छोट्या गावात राहणाऱ्याची मदार मात्र मुख्यतः त्या एका विद्यापीठाच्या वेळापत्रकावर असते.

मैदानावरील कॅमेऱ्यांची मांडणी

बास्केटबॉलचे मैदान ९४ फूट लांब व ५० फूट रुंद असते आणि रिंग जमिनीपासून १० फुटांवर. म्हणजे फुटबॉलच्या तुलनेत जागा लहान, पण खेळाची गती अधिक. कॅमेऱ्यांची मांडणी या वस्तुस्थितीतूनच ठरते.

पहिल्या क्रमांकाचा कॅमेरा प्रेक्षागृहात उंचावर, मध्यरेषेच्या सरळ रेषेत असतो. सामन्याचा बहुतांश भाग प्रेक्षक याच कॅमेऱ्यातून पाहतो. दुसऱ्या क्रमांकाचा कॅमेरा त्याच्या शेजारीच असतो, परंतु त्याचे काम निराळे आहे. चेंडू ज्याच्या हाती आहे त्याचे, फाउल करणाऱ्याचे किंवा प्रशिक्षकाचे जवळून चित्र घेणे ही त्याची जबाबदारी. तिसरा व चौथा कॅमेरा दोन्ही बास्केटखाली, अंतिम रेषेलगत असतो. हे कॅमेरे खांद्यावर किंवा मांडीवर घेऊन चालवले जातात व रिंगजवळची झटापट त्यांतूनच दिसते. खर्च करण्याची तयारी असेल तर मैदानाच्या कोपऱ्यावरून तिरपे दृश्य घेणारा कॅमेरा, बोर्डामागे बसवलेला दूरनियंत्रित कॅमेरा, अतिसंथ गतीच्या चित्रणाचा कॅमेरा आणि लांब दांड्यावरचा झुलता कॅमेरा यांची भर पडते. इंटरनेटवरील छोट्या प्रक्षेपणात तीन-चार कॅमेऱ्यांवरच सारे निभावून न्यावे लागते. तेथे एकाच माणसाला दुसऱ्या कॅमेऱ्याचे व कोपऱ्यातील कॅमेऱ्याचे काम आलटून पालटून करावे लागते.

मुख्य कॅमेरे मैदानाच्या एकाच बाजूस ठेवण्याचा दंडक कटाक्षाने पाळला जातो. पलीकडच्या बाजूचे दृश्य अचानक जोडले तर डावीकडे धावणारा संघ उजवीकडे धावताना दिसेल आणि प्रेक्षकाचा दिशाभ्रम होईल. म्हणूनच विरुद्ध बाजूचे चित्र बहुधा पुनर्दर्शनातच वापरले जाते.

कौशल्याचे स्वरूप

हे काम म्हणजे चेंडूच्या मागे कॅमेरा फिरवणे, असा सर्वसामान्य समज आहे. तो अपुरा आहे. चेंडूच्या मागे जाणारा कॅमेरा नेहमी उशिराच पोहोचतो. बचाव करणाऱ्या संघाने चेंडू हिसकावला की चार-पाच सेकंदांत तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असतो. म्हणून पहिल्या कॅमेऱ्यावरील माणूस चेंडूच्या किंचित पुढे राहतो. खेळाडू ज्या दिशेला धावत आहे त्या बाजूस चौकटीत मोकळी जागा ठेवतो, खालच्या पट्टीत गुणफलकासाठी अवकाश राखतो आणि बास्केटकडे चेंडू सुटताच रिंग व तिच्याभोवतीचे खेळाडू एकत्र दिसतील इतके चित्र हळुवार आवळतो. हे सर्व करताना प्रेक्षकास कॅमेऱ्याची हालचाल जाणवता कामा नये.

साधारणतः एका हाताकडे झूम असतो व दुसऱ्या हाताकडे फोकस. त्याच हातांनी कॅमेरा डावीकडे-उजवीकडे व वर-खाली वळवायचा असतो. दूर अंतरावरून अतिशय जवळचे चित्र घेताना स्पष्टतेची खोली फार कमी होते. खेळाडू दोन पावले पुढे आला तरी चित्र धूसर होते. त्यामुळे दुसऱ्या कॅमेऱ्यावरील माणसाची बोटे फोकसवर अखंड हलत असतात. ही क्रिया विचारपूर्वक करण्याइतका वेळ नसतो. ती अंगवळणी पडलेली असावी लागते, जशी तबलजीची बोटे ठेक्यावर पडतात तशी.

याच वेळी त्याच्या कानात दिग्दर्शकाचा आवाज चालू असतो. दिग्दर्शक पुढचा कॅमेरा सावध करतो आणि मग त्यावर जाण्याचा आदेश देतो. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला की त्याचे चित्र प्रत्यक्ष प्रक्षेपित होत आहे असे समजावे. परंतु अनुभवी कॅमेरामनची खरी पारख दिवा विझलेला असताना होते. त्या अवधीत तो स्वस्थ बसत नाही. राखीव खेळाडूंच्या बाकावर कोण खिन्न बसले आहे, प्रेक्षकांत कोणाचे आईवडील आहेत, कोणत्या खेळाडूच्या नावावर चार फाउल झाले आहेत हे ध्यानात ठेवून तो दिग्दर्शकापुढे न मागता चित्र ठेवतो. शेवटच्या सेकंदात सामना जिंकून देणारी बास्केट पडते तेव्हा दिग्दर्शकाला सूचना देण्यास सवडच नसते. कोणी विजेत्या खेळाडूवर राहायचे, कोणी पराभूत प्रशिक्षकावर जायचे, हे प्रत्येकाने आपापले जाणलेले असावे लागते. म्हणजे कॅमेरामनला यंत्राइतकाच खेळही समजला पाहिजे.

येथे एक बारीकसा तपशील उद्बोधक ठरेल. पंचांना बोटांनी क्रमांक दाखवता यावा म्हणून महाविद्यालयीन खेळाडूंच्या पोशाखावर पूर्वी केवळ ० ते ५ हेच अंक चालत असत. २०२३–२४ च्या मोसमापासून ० ते ९९ पर्यंतचा कोणताही क्रमांक घेण्याची मुभा मिळाली. ज्याला दिग्दर्शकाने नुसता क्रमांक उच्चारताच दहा खेळाडूंतून नेमका चेहरा शोधायचा आहे, त्याच्या दृष्टीने नियमपुस्तकातील असा बदलही पाठांतराचा विषय ठरतो. सामन्यापूर्वी दोन्ही संघांची नावे, क्रमांक व चेहरे यांची उजळणी करणे हा त्याच्या गृहपाठाचाच भाग होय.

सामन्याच्या दिवसाचा क्रम

संध्याकाळी सात वाजताच्या सामन्यासाठी कॅमेरामनला दुपारीच हजर व्हावे लागते. ओबी व्हॅनमधून अवजड कॅमेरे, भिंगे व तिपाया उतरवून प्रेक्षागृहाच्या जिन्यांवरून वर नेणे, केबल टाकणे आणि जोडणी करणे हे काम आधी होते. नंतर व्हॅनमधील अभियंता प्रत्येक कॅमेऱ्याचे रंग व उजळपणा परस्परांशी जुळवतो. तसे न केल्यास एकाच संघाचा पोशाख दोन कॅमेऱ्यांत दोन रंगांचा दिसेल. संभाषणयंत्रणेची तपासणी, जेवणाची सुटी आणि दिग्दर्शकाची बैठक झाल्यावर मग सामना सुरू होतो.

पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन सत्रांचा असतो, तर महिलांचा २०१५–१६ पासून दहा-दहा मिनिटांच्या चार सत्रांचा. घड्याळातील चाळीस मिनिटे प्रत्यक्षात दोन तास व्यापतात. पुरुषांच्या सामन्यात प्रत्येक सत्रात सोळा, बारा, आठ व चार मिनिटे उरली असता, त्यानंतर खेळ प्रथम थांबेल तेव्हा जाहिरातींसाठी विराम घेतला जातो. प्रेक्षकाला हा विराम वाटतो. कॅमेरामन मात्र त्या वेळीही जागा सोडू शकत नाही, कारण जाहिरात संपताना लागणारे पहिले चित्र त्याच वेळी निश्चित होत असते. सामना बरोबरीत सुटला तर पाच-पाच मिनिटांची जादा सत्रे होतात. अंतिम भोंगा वाजल्यावर प्रेक्षक घरी जातात आणि कॅमेरामन केबल गुंडाळू लागतो. आवराआवर संपेतो रात्रीचे अकरा वाजणे नवलाचे नाही.

या कामात शारीरिक जोखीमही आहे. बास्केटखाली बसलेल्या माणसाचा एक डोळा भिंगाला लागलेला असतो आणि मांडीवर जड यंत्र असते. चेंडू वाचवण्यासाठी झेप घेणारा, शंभर किलोंच्या आसपास वजनाचा खेळाडू थेट त्याच्या अंगावर येऊ शकतो. उंचावरील कॅमेऱ्यावर हा धोका नसला तरी तासन्तास एकाच स्थितीत उभे राहिल्याने पाठ व मनगट कायमचे दुखावते. आजारी पडल्यास पगारी रजेचा प्रश्नच बहुधा उद्भवत नाही. जागी दुसरा येतो आणि पुढच्या वेळी तोच बोलावला जाण्याचीही शक्यता असते.

मोबदला व कायदेशीर स्थान

या व्यवसायात मोबदला सामान्यतः दिवसाच्या हिशेबाने ठरतो. प्रचलित पद्धतीत दहा तासांचा दिवस गृहीत धरला जातो व त्यापुढील तासांना दीडपट दर लागतो. मात्र हा दर कोणत्या नात्याने दिला जातो, हा प्रश्न दराच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

कॅमेरामनला जर त्या दिवसापुरता कर्मचारी मानले, तर मालक त्याचा कर कापून भरतो आणि सामाजिक सुरक्षा व मेडिकेअर यांसाठीच्या करातील निम्मा वाटा, म्हणजे ७.६५ टक्के, स्वतः उचलतो. अपघात झाल्यास कामगार नुकसानभरपाई विम्याचे व काम नसल्यास बेकारी भत्त्याचे संरक्षण मिळण्याचा मार्गही खुला राहतो. त्याला स्वतंत्र कंत्राटदार मानले, तर १५.३ टक्क्यांचा पूर्ण भार त्याच्यावर येतो आणि ही संरक्षणे सामान्यतः निसटतात. कॅमेरा तोच, काम तेच, तास तेच. फरक केवळ कागदाचा. पण त्या कागदाने खेळाडू अंगावर पडून मोडलेल्या मनगटाचा खर्च कोणी करायचा हे ठरते. आरोग्यविमा बव्हंशी नोकरीशी जोडलेल्या देशात हा भेद किती जिव्हाळ्याचा आहे, हे निराळे सांगावयास नको.

आयएटीएसई, आयबीईडब्ल्यू व नॅबेट-सीडब्ल्यूए या कामगार संघटना प्रक्षेपण क्षेत्रात कार्यरत आहेत. जेथे त्यांचा करार लागू असतो तेथे किमान दर, जेवणाची सुटी, ऐनवेळी काम रद्द झाल्यास भरपाई, तसेच आरोग्य व निवृत्ती निधीत मालकाचा वाटा या बाबी लेखी असतात. जेथे करार नाही तेथे त्या समन्वयकाच्या मर्जीवर राहतात. अलीकडे काही राज्यांनी असंघटित मुक्त व्यावसायिकांसाठी कायदे केले. न्यूयॉर्क शहराचा कायदा २०१७ पासून, इलिनॉय राज्याचा जुलै २०२४ पासून व न्यूयॉर्क राज्याचा ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला. ठरावीक रकमेपुढील कामासाठी लेखी करार आणि साधारणतः तीस दिवसांच्या आत मोबदला, ही या कायद्यांची मुख्य तरतूद आहे. केवळ वेळेवर पैसे मिळावेत एवढ्यासाठी कायदा करावा लागणे, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे.

१२ मार्च २०२० रोजी कोविडच्या साथीमुळे एनसीएएने त्या वर्षीच्या राष्ट्रीय स्पर्धा रद्द केल्या. मोसमातील सर्वांत गजबजलेले आठवडे एका दिवसात नाहीसे झाले. त्याच महिन्यात संमत झालेल्या केअर्स कायद्याने, एरवी बेकारी भत्त्यास अपात्र ठरणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिकांनाही तात्पुरते साहाय्य दिले. या व्यवस्थेतील जोखीम कोणाच्या माथी आहे, याचे उत्तर त्या दिवसाने दिले.

संपत्तीचा प्रवाह आणि त्यातील स्थान

एनसीएएने २०१० मध्ये सीबीएस व टर्नर यांच्याशी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी चौदा वर्षांचा १०.८ अब्ज डॉलरचा करार केला. २०१६ मध्ये ८.८ अब्ज डॉलरच्या मोबदल्यात तो २०३२ पर्यंत वाढवण्यात आला. महिलांच्या स्पर्धेचे मूल्य दीर्घकाळ कमी लेखले गेले होते. एप्रिल २०२४ मध्ये साउथ कॅरोलिना व आयोवा यांच्यातील महिलांचा अंतिम सामना पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा अधिक प्रेक्षकांनी पाहिला आणि तो समज मोडला. महिलांच्या सामन्यांना वाढलेल्या मागणीने कॅमेरामनच्या कामाचे दिवसही वाढवले, हे येथे नमूद करणे उचित होईल.

या संपत्तीत कोणाचा वाटा किती, हा वाद प्रथम खेळाडूंच्या बाजूने उभा राहिला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या ‘हाउस’ खटल्यातील तडजोडीनुसार विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातील वाटा खेळाडूंना थेट देता येऊ लागला. २०२५–२६ या वर्षासाठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर इतकी होती. खेळाडूंना न्याय मिळाला हे स्वागतार्हच आहे. परंतु हा पैसा क्रीडाविभागाच्या त्याच अंदाजपत्रकातून उभा करावयाचा आहे आणि अंदाजपत्रक ताणले की चित्रणाच्या खर्चाकडे प्रथम नजर वळावी, हे स्वाभाविक आहे. ही काटकसर प्रामुख्याने तीन मार्गांनी शक्य होते.

पहिला मार्ग विद्यार्थ्यांचा. विद्यापीठगटांच्या वाहिन्यांसाठी अनेक विद्यापीठांनी स्वतःचे नियंत्रणकक्ष उभारले असून तेथे विद्यार्थी अल्प मानधनावर वा शैक्षणिक गुणांकांसाठी कॅमेरे चालवतात. पुष्कळदा पहिल्या कॅमेऱ्यावर अनुभवी व्यावसायिक आणि बास्केटखाली विद्यार्थी, अशी मिश्र रचना असते. दुसरा मार्ग दूरस्थ निर्मितीचा. यात कॅमेरे तेवढे मैदानावर राहतात. दिग्दर्शक व पुनर्दर्शनाचे तंत्रज्ञ शेकडो मैल दूरच्या केंद्रात बसतात. कॅमेरामनची गरज उरते, पण ज्याच्या आज्ञेत त्याने काम करायचे तो दिग्दर्शक त्याला केवळ कानातील आवाज म्हणून भेटतो. तिसरा मार्ग स्वयंचलित कॅमेऱ्यांचा. अनेक भिंगांनी संपूर्ण मैदान टिपून, त्यातील कोणता भाग दाखवायचा हे संगणकाने ठरवण्याचे तंत्र अमेरिकेतील शालेय सामन्यांत रुळले आहे. संगणकास चेंडू दिसतो. परंतु आपला अखेरचा सामना खेळून बाहेर जाणारा खेळाडू बाकावर बसताना टॉवेलने चेहरा का झाकतो आहे, हे ओळखणे अद्याप माणसाचेच काम आहे. प्रश्न एवढाच की त्या ओळखीसाठी मोल मोजण्याची तयारी किती सामन्यांपुरती राहील.

या तिन्ही मार्गांपैकी पहिला सर्वांत गुंतागुंतीचा आहे, कारण त्यात अन्याय आणि संधी एकाच ठिकाणी नांदतात. आज विद्यार्थ्यास मिळालेली जागा ही कोणा स्थानिक व्यावसायिकाच्या दिवसाच्या कमाईवर आलेली असू शकते. पण त्याच जागेवर शिकून तो विद्यार्थी उद्या मुक्त व्यावसायिक होणार असतो आणि तेव्हा त्याच्या जागेवर नवा विद्यार्थी उभा असतो. ज्या शिडीने तो वर आला तीच शिडी वरच्या पायरीचे मोल कमी करत असते.

आपल्या अध्यापनाच्या संदर्भात

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत जनसंज्ञापनाचे व व्हिडिओ निर्मितीचे अभ्यासक्रम चालतात. विद्यार्थी पुढे लग्नसमारंभ, स्थानिक कबड्डी व क्रिकेट स्पर्धा, वाहिन्या यांच्याकडे दिवसाच्या हिशेबाने काम करतात. त्यांची स्थिती वर वर्णिलेल्या कॅमेरामनहून तत्त्वतः निराळी नाही. मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेर राहून काम करणाऱ्यांची ‘गिग कामगार’ अशी दखल आपल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये घेतली गेली असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तथापि कायद्यात नाव असणे आणि दुखापतीच्या दिवशी हाती काही पडणे यांत अंतर असते.

म्हणून भिंग व प्रकाशयोजना शिकवतानाच काही व्यावहारिक प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे अगत्याचे आहे. दिवस किती तासांचा? त्यापुढे दर काय? काम रद्द झाल्यास काय मिळेल? पैसे किती दिवसांत? कॅमेरा पडला किंवा हात मोडला तर जबाबदारी कोणाची? आणि हे सारे कागदावर आहे काय? या प्रश्नांसाठी अभ्यासक्रमात एक तासिका जरी राखून ठेवली, तरी तिचा उपयोग विद्यार्थ्यास आयुष्यभर होईल. तसेच महाविद्यालयाच्या क्रीडामहोत्सवाचे चित्रण जेव्हा आपण विद्यार्थ्यांकडून करून घेतो, तेव्हा ते शिक्षण आहे की विनामूल्य श्रम, हा प्रश्न आपण स्वतःलाही विचारला पाहिजे. मार्गदर्शन करणारा अध्यापक तेथे उपस्थित असेल, चित्रणानंतर त्याचे परीक्षण होत असेल आणि प्रत्येकास सर्व जागांवर काम करण्याची पाळी मिळत असेल, तर ते शिक्षण. अन्यथा ती काटकसर होय.

समारोप

महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या प्रक्षेपणाचा डोलारा ज्या श्रमांवर उभा आहे त्यांत मुक्त व्यावसायिक कॅमेरामनचे स्थान मध्यवर्ती आहे. या कामास हाताचे कसब, खेळाची जाण व प्रसंगावधान या तिन्हींची आवश्यकता असते. मागणीचे मोसमी स्वरूप पाहता मुक्त व्यवसायाची पद्धत अटळ दिसते आणि अनेकांनी ती तिच्यातील स्वातंत्र्यासाठी स्वखुशीने स्वीकारलेली आहे. परंतु लवचिकतेचा लाभ एका बाजूस व अनिश्चिततेचा भार दुसऱ्या बाजूस, अशी वाटणी होणे मात्र अटळ नाही. ती करारांनी, संघटनांनी व कायद्यांनी बदलता येते, हे या क्षेत्राच्या अनुभवावरूनच दिसून येते.

ज्याचे कौशल्य दिसू न देण्यातच आहे, त्याचे श्रमही दिसेनासे होतात. ते दृष्टीस आणून देणे हे अखेर शिक्षकाचेच काम आहे.